झुलालने पाहिलं का?

दलिचंद शेठच्या घरात नवी वस्तू आली की शेठाणी गुलाबबाई किंमत विचारत नसत, कुठून आणली तेही विचारत नसत. त्यांचा एकच प्रश्न असायचा, "झुलालने पाहिलं का?"

नवी वस्तू म्हणजे सुनेची पर्स, जावयाच्या कमरेचा पट्टा, नातवाचे बूट, असलं काहीबाही. चामडं अंगाला लावायचं नाही हा गुलाबबाईंचा नियम. सोळाव्या वर्षी जैन स्थानकात महासतीजींसमोर, म्हणजे साध्वींसमोर, हात जोडून घेतलेला आणि अठ्ठ्याहत्तरीपर्यंत पाळलेला. पण नियम पाळायचा तर आधी वस्तू ओळखता आली पाहिजे ना! हल्ली रेक्झिन चामड्यासारखं दिसतं आणि चामडं रेक्झिनसारखं. भल्याभल्यांना उमगत नाही. झुलालला उमगायचं. नाकाशी धरलं, अंगठ्याने दाबलं, उलट बाजू पाहिली, की निकाल. आणि त्या निकालावर त्या घरात कुणी ब्र काढत नसे.

झुलाल मूळचा पहूरचा. आजा विहिरीच्या मोटा शिवायचा, बाप जोडे. चामड्याचा वास त्याला आईच्या हातच्या भाकरीइतका लहानपणापासून ओळखीचा. तरणा झाल्यावर तो जळगावला आला, अजिंठा चौफुलीजवळ गाड्यांच्या सीटा शिवू लागला, आणि रेक्झिन, फोम, दोरा घ्यायला दलिचंद शेठच्या दुकानात जाऊ लागला. एकदा गुलाबबाई दुकानात बसल्या होत्या. मांडीवर मुंबईच्या नणंदेने दिलेली कोरी पर्स. झुलाल आपला रेक्झिन मोजून घेत होता. कुणी विचारलं नव्हतं, सवरलं नव्हतं, तरी हा बाबा बोलून गेला, "भाभी, ती पर्स चामड्याची शे." गुलाबबाईंनी ताडकन उठून पर्स टाकून दिली. शेठ हसू लागले. गुलाबबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पोरा, तू बोलला नसतास तर मी ही घेऊन उद्या स्थानकात गेले असते." त्या दिवसापासून तीस वर्षं हे चालू होतं. तेव्हा तो त्यांना भाभी म्हणाला, ते त्याचे केस पिकले तरी भाभीच राहिलं.

अखिलच्या, म्हणजे नातवाच्या, लग्नाची गोष्ट तर त्या घरात अजून रंगवून सांगतात. मुलगी धुळ्याची, प्रियल. बघायला जायचं ठरलं आणि गुलाबबाई अडून बसल्या, "त्यांच्याकडे सोफा कसला आहे?" आता असं कुणाला फोन करून विचारतात का? शेवटी झुलाल आदल्या दिवशी एसटीने धुळ्याला गेला, काहीतरी निमित्त काढून त्या घरात शिरला, सोफ्यावर बसला, पाणी प्यायला आणि बाहेर येऊन फोन केला, "भाभी, खुशाल या. रेक्झिन शे." मग लग्न झालं. प्रियल अजून त्याला चिडवते, "काका, मला नाही, आमच्या सोफ्याला पसंत करायला आला होतात तुम्ही."

झुलाल या गोष्टींवर नुसता हसायचा. पण आतून त्याला याचा फार मान वाटायचा. ज्या वासापायी शाळेत पोरं त्याच्या शेजारी बसत नसत, त्याच वासाच्या पारखीवर एका म्हाताऱ्या बाईचा धर्म चालला होता. हे त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. बायकोलाही नाही.

शेठ वारले. दुकान अखिलकडे आलं. आणि या वर्षी, अखाजीला सहा दिवस उरले असताना, अखिल एक मोठी जर्मन गाडी घेऊन झुलालच्या शेडसमोर उभा राहिला.

"काका, पुण्याहून घेतली, सेकंडहँड. पाच महिने झाले. बाकी गाडी झकास आहे, सीटांची तेवढी रया गेलीय. अखाजीला दादीच्या वर्षीतपाचं पारणं आहे. तिला या गाडीतून मिरवत न्यायचंय. नव्यासारखं करून द्या."

वर्षीतप म्हणजे खायचं काम नाही. खरोखरच नाही. वर्षभराहून जास्त काळ एक दिवस उपास आणि एक दिवस दोन वेळचं जेवण. उपासाला फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. अक्षय तृतीयेला, म्हणजे आपल्या अखाजीला, उसाच्या रसाने पारणं. गुलाबबाईंनी हे या वयात धरलं होतं, आणि वर शेवटचे तीन दिवस सलग उपास, म्हणजे तेला, करायचा हट्ट होता.

झुलाल गाडीत वाकला. सीटा बदामी रंगाच्या. ड्रायव्हरच्या बाजूची कड घासून घासून पांढरी पडलेली, बैठकीवर भेगांचं जाळं, शिलाईत मळ बसलेला. उन्हाने त्यातला सगळा ओलावा पिऊन टाकला होता. वास म्हणाल तर काहीच नाही. पाच-सात उन्हाळे खाल्लेल्या सीटेला वास कुठला राहतो? त्याने अंगठ्याने दाबलं. सुरकुत्या अंगठ्याकडे गोळा झाल्या. त्याने बोट पाण्यात बुडवून एक थेंब घासलेल्या जागी ठेवला. थेंब आत मुरला आणि तिथे काळपट डाग उमटला. झुलालने सीटेखाली हात घालून कव्हराचा काठ उलटा केला. आत कापड नव्हतंच. मऊ, लवदार, तंतू तंतू.

तो हळूच बाहेर आला. "अखिल, ही गाडी भाभी वापरतात?"

"रोज. सकाळी स्थानकात जाते ना."

"बेटा, हे चामडं शे."

अखिलचं तोंड उतरलं. "नाही हो काका. तो विकणारा म्हणाला, नकली आहे. बाजूला बघा, पाठीमागे बघा."

"बाजूला रेक्झिन शे, पाठीमागेबी रेक्झिन. कंपन्या तसंच करतात. जिथे माणूस बसतो तेवढंच खरं चामडं." मग झुलालने तो प्रश्न विचारला, जो त्याला विचारायची भीती वाटत होती. "भाभींनी विचारलं नाही? मला दाखवली का म्हणून?"

अखिल रस्त्याकडे पाहत राहिला. "विचारलं होतं."

"मग?"

"मी सांगितलं, दाखवली. झुलालकाका म्हणाले, रेक्झिन आहे." त्याने घाईघाईने पुढे जोडलं, "तुम्ही तेव्हा लेकीकडे, मोनालीकडे गेला होता काका, आणि माझी खात्री होती. मला वाटलं, विचारायचं काय त्यात!"

पाच महिने! पाच महिने त्याच्या नावावर ती बाई रोज चामड्यावर बसून नवकार मंत्र म्हणत स्थानकात जात होती, आणि ज्याचं नाव घेतलं त्याला पत्ता नव्हता. दुसरं कुणी असतं तर त्याने गाडीची चावी रस्त्यावर फेकली असती. पण अखिल त्याच्या डोळ्यांदेखत वाढलेला, दुकानात फोमच्या गठ्ठ्यांवर उड्या मारणारा.

"सांगून टाक तिला," एवढंच तो म्हणाला.

"आत्ता?" अखिलने हात जोडले. "काका, तिचं वजन बघितलंय? डॉक्टर म्हणालेत, पारणं एक दिवससुद्धा पुढे जाता कामा नये. आणि तुम्हाला माहितीय ती कशी आहे. कळलं की प्रायश्चित्त म्हणून अजून आठ उपास धरून बसेल. मरेल हो ती! पारणं होऊ दे. मग मी स्वतः सांगतो, पायावर डोकं ठेवून सांगतो. तोवर असं काम करा की ते रेक्झिनसारखं दिसलं पाहिजे."

आता बघा गंमत. तीस वर्षांत शेकडो गिऱ्हाइकं त्याच्याकडे आली ती एकच मागणं घेऊन, की झुलालभाऊ, रेक्झिन असं करा की चामडं वाटलं पाहिजे. आज पहिल्यांदा कुणीतरी उलटं मागत होतं. झुलालला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"काम करतो," तो म्हणाला. "खोटं बोलणार नाही."

काम त्याने जीव ओतून केलं. चामड्याशी त्याचं भांडण नव्हतंच. मऊ ब्रशने फेस चोळून मळ काढला, शिवणीतला काळा थर दात घासायच्या ब्रशने, टाका टाका करून. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला. भेगांत फिलर भरला, वाळू दिला, परत घासला. मग रंग, बदामी छटा जुळवायला अर्धा दिवस गेला, आणि पातळ पातळ पाच हात. शेवटी क्रीम. क्रीम लावताना तो नेहमी तळहात वापरायचा, फडकं नाही. हाताच्या उबेने ते आत शिरतं, असं त्याचा बाप म्हणायचा. कोरडं कडक चामडं हळूहळू नरमलं. रेक्झिनसारखं काय दिसणार, डोंबल! ते दिसत होतं तसं चामडं झुलालने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याचा हात त्यावरून परत परत फिरत होता. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की वास परत आला आहे.

नेमक्या त्याच दुपारी गुलाबबाई आल्या. तेल्याच्या आदला दिवस, जेवणाचा. सोबत प्रियल. हातात झुलालसाठी डब्यात घेवर.

"म्हटलं बघून येऊ, माझी पालखी कशी सजवतोय," गुलाबबाई म्हणाल्या. काठी टेकत त्या गाडीच्या उघड्या दाराशी आल्या. बाई आधीच बारीक, आता तर नुसत्या साडीतलं हाडूक राहिल्या होत्या. त्यांनी आत डोकावलं आणि थबकल्या. नाकपुड्या हलल्या.

"झुलाल, कसला रे हा वास?"

प्रियलने मान खाली घातली. म्हणजे तिला ठाऊक होतं. त्याने ठरवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं, "भाभी, हे चामडं शे", सहा-सात अक्षरं. मग त्याला त्यांची मनगटं दिसली, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. आठ उपास. ही बाई आठ उपास काढणार नाही.

त्याने हात सीटेच्या बाजूच्या पट्टीवर ठेवला आणि म्हणाला, "हे रेक्झिन शे भाभी. चांगलं कंपनीचं. मसाला लावला की वास येतो त्याला."

बाजूची पट्टी रेक्झिनचीच होती. नरो वा कुंजरो वा! धर्मराजाचा रथ तेवढ्याने जमिनीला टेकला, तिथे झुलालसारख्याची काय कथा.

गुलाबबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "तू म्हणतोस म्हणजे झालं," त्या म्हणाल्या आणि डबा त्याच्या हातात दिला. "घेवर खा. माझ्या वाटचापण खा."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, घेवर झुलालच्या घशाखाली उतरला नाही. गाडी अखिल घेऊन गेला, बेहद्द खूश होऊन. झुलाल शेडमध्ये बसून एका जीपची सीट उसवत राहिला. तो स्वतःला समजावत होता. जीव वाचवायला बोललो. खोटंसुद्धा बोललो नाही, हात ठेवला तिथे रेक्झिनच होतं. पण मनाला असली मलमपट्टी टिकत नाही. कुणी आडून विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. त्या माउलीने तोंडावर विचारलं होतं, आणि दुसऱ्या कुणाला विचारायला ती जाणार नव्हती.

त्याची बायको मंजुळाबाई. माहेर धुळ्याकडचं, बोलणं पक्कं अहिराणी, आणि नजर अशी की नवऱ्याच्या पोटातलं ताटातल्या उष्ट्यावरून ओळखावं. अखाजीसाठी मोनाली माहेरी आली होती, घरात सांजोऱ्या तळणं चाललं होतं, आणि हा माणूस ताटावरून उठून गेला.

"मोनालीना बाप, काय व्हयनं तुले?"

त्याने सगळं सांगितलं. हात कुठे ठेवला तेही सांगितलं. मंजुळाबाईने झारा खाली ठेवला.

"नाक तुन्हं खरं शे," ती म्हणाली. "मंग तोंड खोटं कसाले करं?"

"तिले काही व्हयनं म्हंजे?"

"तिनं तिले देखू दे. ती काय न्हानी पोर शे?" ती उठली आणि त्याच्यापुढे टोपी धरली. "जाय. सांगी दे तिले. उद्या पारणं शे. आज सांगशी तर सोताहून सांगं म्हनाले येई. परवा सांगशी तर पकडाई गया म्हनतीन."

बोलणं रोखठोक होतं आणि खरं होतं. झुलालने टोपी घातली.

गुलाबबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिसरा उपास. हातात माळ, बाजूला झाकून ठेवलेलं पाणी. खोलीत कुंदाबाई, दिवसभर त्यांच्याजवळ असणारी बाई, पंखा वारत होती. झुलालला बघून त्यांचे डोळे उजळले, आणि तेच त्याला सोसेना. तो खाली फरशीवर बसला.

"भाभी, मी त्या दिवशी खोटं बोललो. त्या सीटा चामड्याच्या शेत."

माळ थांबली. कुंदाबाईचा हातही थांबला. झुलाल पुढे बोलत राहिला, थांबला असता तर परत बोलता आलं नसतं. अखिलने त्याला गाडी दाखवलीच नव्हती, पाच महिने त्या चामड्यावरच बसल्या, डॉक्टर काय म्हणाले, उपासांची भीती, सगळं. स्वतःला सोडवायला एक शब्द घातला नाही आणि अखिलला अडकवायलाही नाही.

गुलाबबाईंनी माळ मांडीवर ठेवली. मग बोलल्या त्या आवाज न चढवता.

"अजाणता बसले, त्याचं काय करायचं ते महासतीजी सांगतील. ते मी निभावेन. अखिल पोर आहे, घाबरला. पण झुलाल, त्या दिवशी तू हात कुठे ठेवलास ते मी पाहिलं होतं. बाजूला ठेवलास. सीटेवर नाही. मला वाटलं, हाताला रंग असेल, म्हणून."

झुलालला वाटलं, यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला जपायला निघालात तुम्ही सगळे," गुलाबबाईंचा आवाज आता कापायला लागला. "काचेचं भांडं आहे का मी? अरे, नियम माझा आहे. राहिला की मोडला, हे मलाच कळू द्यायचं नाही? मी मेले असते तर मेले असते, पण माझं मला ठाऊक असतं. आणि तू! तीस वर्षं माझा नियम तुझ्या नाकावर चालला. माझ्या पोटच्यांना मी विचारलं नाही, तुला विचारलं. आता उद्या कुणी माझ्यापुढे काही आणून ठेवलं, तर मी कुणाला विचारू रे?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. झुलालही रडला. साठीला आलेला माणूस, टोपी हातात चुरगाळत हुंदके देऊन रडला. त्याला माफी मागायची होती, पण मागून काय मागणार? त्याच्याकडे जे एकच देण्यासारखं होतं, त्याचाच भरोसा उडाला होता.

"जा आता," गुलाबबाई म्हणाल्या. "मला जप पुरा करायचाय."

अखाजीच्या सकाळी खान्देशात कुणी घरात तोंड पाडून बसत नाही. निंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी, पोरींच्या फुगड्या. झुलाल मात्र ओट्यावर बसून होता. मोनालीने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारायच्या आत फोन वाजला. अखिल.

"काका, लगेच या." अखिलचा आवाज रडवेला. "काल रात्रीच महासतीजींना निरोप पाठवून विचारलं तिने. त्यांनी सांगितलं, पारणं ठरल्या दिवशीच करा, प्रायश्चित्त तब्येत सुधारल्यावर बघू. इथवर ठीक झालं. पण गाडीत बसायला तयार नाही. नातेवाइकाची दुसरी गाडी मागवली, तर म्हणते तिच्या सीटा कसल्या कुणास ठाऊक. पायी निघते म्हणते. स्थानक दीड किलोमीटर आहे काका. या उन्हात!"

झुलाल रस्त्यावर आला. जीवराम रिक्षावाला समोरून चालला होता, त्याला हात केला. आपण जाऊन काय करणार, हेच त्याला कळत नव्हतं. त्या आपलं ऐकतीलच कशाला?

फाटकासमोर पंचवीस-तीस माणसं जमली होती. जरीच्या साड्या, फेटे, बँडवाले कडेला पेटी घेऊन उभे. मधोमध ती जर्मन गाडी फुलांनी सजवलेली, दारं उघडी, आत त्या बदामी सीटा अशा लखलखत होत्या की झुलालने नजर फिरवली. आणि गाडीच्या पुढे गुलाबबाई, पांढरी साडी, हातात काठी, निघायच्या तयारीत. चार पावलं चालल्या होत्या तेवढ्यात त्यांचा श्वास लागला होता. प्रियल दंड धरू पाहत होती, त्या धरू देत नव्हत्या.

रिक्षा थांबली. झुलाल उतरला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. बातमी सगळ्यांना कळलेली असणार. गुलाबबाईंनीही पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, पण ओळखही नव्हती.

"भाभी," झुलाल म्हणाला, "रिक्षातून चला."

गुलाबबाईंची नजर रिक्षाच्या सीटेवर गेली. काळी सीट, एका कोपऱ्यात उसवलेली, मळकी.

झुलालला त्या नजरेचा अर्थ कळला. आता 'रेक्झिन शे' म्हणायचं त्याचं तोंड नव्हतं. खरं तर ती सीट त्यानेच शिवली होती, आठ वर्षांपूर्वी, शेठच्याच दुकानातल्या रेक्झिनची. त्याला ती न बघता सांगता आली असती. पण त्याने सीट दोन्ही हातांनी धरली आणि ओढून बाहेर काढली.

"ओ झुलालभाऊ!" जीवराम ओरडला. "अख्खी सीट कसाले उपटी ऱ्हायना?"

झुलालने ऐकलं नाही. सीट गुलाबबाईंच्या पुढ्यात आणली, गुडघ्यावर उलटी धरली, उसवलेला कोपरा फाडून मोठा केला. "भाभी, इथे बघा. आतून कापड शे, जाळीचं. चामड्याला आत कापड नसतं, लव असते. हात लावा." त्याने एक तुकडा खिशातल्या कात्रीने कापला, बँडवाल्याकडून काडी मागून घेतली आणि पेटवली. तुकडा वितळला, काळा गोळा झाला, धूर निघाला. "चामडं असं वितळत नाही. जळतं, आन केस जळल्यासारखा वास येतो. हा वास घ्या. हे एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे कुणाला विचारायची गरज नाही."

तीस वर्षं सांभाळलेलं काम तो भर रस्त्यात त्यांच्या हवाली करत होता. आता त्याची गरज उरणार नव्हती, आणि ते त्याला कळत होतं.

गुलाबबाई वाकल्या. त्यांनी फाटलेल्या कोपऱ्यात बोट घातलं, जाळीवरून फिरवलं. वास घेतला. वऱ्हाडासारखी सजलेली सगळी माणसं त्या मळक्या सीटेकडे पाहत उभी होती. ऊन चढायला लागलं होतं.

गुलाबबाई सरळ झाल्या. पदराला बोट पुसलं.

"हे सगळं राहू दे," त्या म्हणाल्या. "तू सांग. काय आहे?"

झुलालने त्यांच्याकडे पाहिलं. सीट सुलटी केली आणि बैठकीच्या मधोमध हात ठेवला.

"रेक्झिन शे, भाभी."

"मग एवढा वेळ मला उन्हात कशाला उभी केलीस?" गुलाबबाई म्हणाल्या. "लाव ती सीट जागेवर. रस माझी वाट बघतोय."